मेट्रो निओ : धीर कशावर धरायचा?

नाशिकच्या मेट्रो निओबद्दलचे 'मोठ्या कामांना वेळ लागतोच, धीर धरा' हे पत्र वाचले. काम रेंगाळले असते तर धरलाही असता. इथे एक खांब उभा नाही. राज्य मंत्रिमंडळाची मंजुरी २०१९ची. २०२१च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २,०९२ कोटी जाहीर झाले, रबरी चाकांची ही गाडी 'देशात पहिली' म्हणून मिरवून झाली.

'तालुक्याच्या लोकांना मेट्रोचे काय?' हा पत्रलेखकाचा प्रश्न मात्र झोंबला. कळवणला रेल्वे नाही. आमचा माणूस एसटीने दिंडोरीमार्गे नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर उतरतो, तिथून नाशिकरोड स्टेशन आठ-नऊ किलोमीटर. खांद्यावर पिशव्या, सोबत म्हातारी आई, आणि रिक्षावाला म्हणेल तो भाव. मेट्रोचा गंगापूर-नाशिकरोड हा नियोजित मार्ग सीबीएसवरूनच जाणार होता!

नाशिक-पुणे रेल्वे खोडदच्या रेडिओ दुर्बिणीपाशी अडली, हे समजू शकते. मेट्रोच्या वाटेत कोणती दुर्बीण होती? नाशिकचा सिंहस्थ कुंभमेळा २०२७ मध्ये आहे, त्याआधी निर्णय कळायला हवा. योजना गुंडाळली असेल तर सरकारने तसे स्पष्ट सांगावे, म्हणजे सीबीएस-नाशिकरोड सिटीलिंक शहर बसच्या फेऱ्या तरी वाढवून मागता येतील.

– एक वाचक, कळवण (जि. नाशिक)