जुना पीसी ओसरीवर

लग्नसराई तोंडावर आली आहे आणि कराडहून एका वाचकांचा फोन आला. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं पत्रिकांचं डीटीपी चालतं. संगणक विंडोज ७ चा, त्यावर पेजमेकर, जुने मराठी फाँट आणि ते फाँट चालू करणारं डोंगल. तीच फाइल नव्या लॅपटॉपवर उघडली की ‘चि. सौ. कां.’सुद्धा ओळखू येत नाही. मुलगा म्हणतो, हे धूड भंगारात द्या. देऊ का?

मुळीच देऊ नका. वीस वर्षांचं काम आहे त्यात. फक्त त्याची घरातली जागा बदला.

विंडोज ७ च्या दुरुस्त्या घरगुती ग्राहकांसाठी १४ जानेवारी २०२० ला थांबल्या. त्यानंतर सापडलेली भोकं तशीच उघडी आहेत. आणि पत्रिकेच्या धंद्यात रोज कुणाकुणाचे पेन ड्राइव्ह लागणार. धोका त्या एका पीसीपुरता असता तर एवढं लिहिलं नसतं. १२ मे २०१७ ला पसरलेला वॉनाक्राय व्हायरस आठवा. कुणी काही उघडायची गरजच नव्हती. एक यंत्र बाधलं की ते शेजारची यंत्रं आपणहून शोधायचं. त्याच वर्षी २७ जूनला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून नॉटपेट्या सुटला. मर्स्क या जहाज कंपनीच्या नेटवर्कमधून तो आपल्या न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलपर्यंत पोचला आणि तिथलं काम ठप्प झालं. घरचा राउटर बाहेरच्याला दारात अडवतो, पण आत खोल्याखोल्यांमध्ये भिंती नसतात.

आधी हे ठरवा, की त्या पीसीला इंटरनेट लागतं का? पत्रिका जुळवायला लागत नाही. मग केबल काढून टाका. याहून पक्का उपाय नाही.

लागतच असेल, तर राउटरवरचं गेस्ट नेटवर्क चालू करून जुना पीसी त्यावर टाका. पण गेस्ट नेटवर्क सहसा वायफायपुरतं असतं. जुन्या डेस्कटॉपची लॅन केबल राउटरच्या मागे खोचली, की तो थेट माजघरात आला. त्याला वायफायचं छोटं यूएसबी अडॅप्टर लावा.

घरात दुसरा राउटर पडून असेल तर तोही कामाला येतो. मात्र बहुतेक जण तो उलटा लावतात: धोक्याचा पीसी दुसऱ्या राउटरमागे कोंडतात. आतल्या राउटरमागचं यंत्र बाहेरच्या राउटरवरच्या यंत्रांपर्यंत सहज पोचतं. बाहेरच्याला मात्र आत शिरता येत नाही. वाड्यातला माणूस माजघरातून ओसरीवर केव्हाही येतो, ओसरीवरचा परका आत जात नाही, तसंच हे. म्हणून जुना पीसी कंपनीने बसवलेल्या पहिल्या राउटरवर ठेवा आणि घरचे लॅपटॉप, मोबाइल, प्रिंटर दुसऱ्या राउटरमागे न्या. तो अॅक्सेस पॉइंट म्हणून लावू नका, नाहीतर भिंतच उरत नाही.

लावून झालं की जुन्या पीसीवरून घरच्या वायफाय प्रिंटरच्या आयपी पत्त्याला पिंग करा. उत्तर आलं तर भिंतीला कुठेतरी खिंडार आहे. ही परीक्षा लॅपटॉपवर घेऊ नका. त्याची फायरवॉल पिंग तसंही अडवते आणि खोटा दिलासा मिळतो.

पेन ड्राइव्हला मात्र यातली कुठलीच भिंत दिसत नाही. गिऱ्हाइकाचा ड्राइव्ह आधी नव्या लॅपटॉपवर, ताज्या अँटीव्हायरसने तपासून घ्या. आणि काका, एवढं आजच करा: साऱ्या पत्रिकांची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती डिस्क पीसीपासून काढून कपाटात ठेवा.