शॉकअप गेले म्हणजे नक्की काय गेलं?

'शॉक अ‍ॅब्सॉर्बर' हे नाव ज्याने कोणी ठेवलं त्याने आपली चांगलीच दिशाभूल केली आहे. धक्का शोषून घेणं हे त्याचं मुख्य काम नाहीच. ते काम स्प्रिंगचं, आणि थोडंफार टायरमधल्या हवेचं. चाक खड्ड्यात गेलं की स्प्रिंग दबते, मग उसळते, पुन्हा दबते, पुन्हा उसळते... ही उसळी मोडून काढायची, हे शॉकअपचं काम. नळकांड्यात तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं आणि त्यावर झडपा. चाक वरखाली झालं की तेलाला त्या भोकांतून वाट काढावी लागते, आणि उसळीचा जोर तेल तापवण्यात खर्ची पडतो. खराब रस्त्यावरून आल्यावर हात लावून पाहा, गरम लागेल. इंग्लंडात त्याला 'डॅम्पर' म्हणतात, ते जास्त बरोबर. आपल्याकडे गॅरेजमध्ये त्याचं 'शॉकअप' झालं, आता तेच चालू द्या.

नावाची ही चिरफाड एवढ्यासाठी केली की त्या नावामुळे शॉकअप म्हणजे 'आराम' असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. गाडी जुनी झाली, थोडे दणके बसणारच, चालायचंच! ब्रेक वाजायला लागले तर आपण दुसऱ्या दिवशी गॅरेज गाठतो. शॉकअपमधून तेल गळताना दिसलं तर 'बघू दिवाळीनंतर'. पण उसळणारं चाक रस्त्याला नीट टेकत नाही, आणि जे चाक टेकलेलंच नाही त्याला ब्रेक कितीही करकचून लागला तरी गाडी थांबणार कशाच्या जोरावर? गुळगुळीत सिमेंटच्या रस्त्यावर फार फरक कळणार नाही. खडबडीत उतारावर, गाडीत पाच माणसं आणि डिकीत सामान असताना कळतो. म्हणून माझ्या मते शॉकअपचा खर्च सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टीमच्या रकान्यातून काढून ब्रेक आणि टायरच्या रकान्यात टाकायला हवा.

आमची वॅगन-आर २०१२ ची. पंधरा वर्षं झाली की पुनर्नोंदणी, तीही पाच वर्षांचीच, म्हणजे आता तिच्यात किती पैसे घालायचे हा प्रश्न घरात निघतोच. आई मागे बसते. तिच्या मणक्याचं दुखणं जुनं आहे, पण ती तक्रार कधी करत नाही, एवढंच म्हणाली, "होडीत बसल्यासारखं वाटतं रे हल्ली." आणि लेकीला लायसन्स मिळालंय. साताऱ्याला मावशीकडे एकटी गाडी घेऊन जायचं म्हणते, म्हणजे वाटेत खंबाटकी आली. माझ्यापुरतं मी अजून एक पावसाळा काढला असता कदाचित. या दोघींमुळे विषय पुढे ढकलता येईना.

गॅरेजने चारही शॉकअपचे, मजुरी आणि अलाइनमेंट धरून १३ हजार सांगितले. मग नातेवाईकांत चर्चा झाली (आपल्याकडे गाडीचा विषय घरगुतीच असतो). दोन पंथ पडले. दादाचं म्हणणं, "या वयात गाडीखाली कशाला जातोस? टाक गॅरेजला, पैसे दे, मोकळा हो." भावजींचं म्हणणं बरोबर उलटं, "अहो, सगळं व्हिडिओत दाखवतात. चारही घरीच करा, आणि नवे कशाला, रिपेअर केलेले निम्म्या किमतीत मिळतात." दोघंही हा ब्लॉग वाचतात, तेव्हा इथेच सांगतो : मला दोन्ही पटलं नाही.

आधी भावजी. रिपेअर केलेला शॉकअप म्हणजे जुन्याच नळकांड्यात नवं सील, नवं तेल आणि वरून काळा रंग. दांडा झिजलेला, आतल्या झडपा झिजलेल्या, त्या कोण बदलतो? बसवल्या दिवशी गाडी बरी वाटेलही. पण आत काय आहे ते मला बाहेरून दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यावर लेकीला घाटात पाठवायचं मला जमणार नाही. मजुरी वाचवण्यात मला काडीचीही लाज नाही, मालात वाचवण्यात मात्र आहे. आणि माल काही परदेशातून आणायचा नाहीये हो. गॅब्रिएलसारखी कंपनी १९६१ पासून इथे शॉकअप बनवते, कारखाना आपल्या चाकणला. त्यात २०२५ च्या सप्टेंबरात गाडीच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नाना पेठेत जाऊन, गाडीचं मॉडेल आणि साल सांगून, पक्कं बिल घेऊन मागची जोडी २,४०० ला आणली आणि पुढची ४,३०० ला. वरच्या माउंटिंगचे रबर वगैरे ९०० चे. जोडी म्हणजे जोडीच. एकच गळतोय म्हणून एकच बदलला, तर एक चाक आवरलेलं आणि दुसरं मोकाट.

आता दादा. मागचे शॉकअप बदलणं हे आमच्या गाडीत खरोखर साधं काम आहे. मागे स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा. शॉकअप काढला तरी स्प्रिंग आपल्या जागी राहते, फक्त ॲक्सल खाली लटकू द्यायचा नाही, कारण तो किती खाली जावा हे शॉकअपच अडवून धरत असतो. तो निसटून खाली गेला तर स्प्रिंग सुटते आणि ब्रेकचा पाइप ताणला जातो. म्हणून एका वेळी एकच बाजू, आणि ॲक्सलखाली दुसरा जॅक. गाडी जॅक-स्टँडवर. ते मित्राकडून आणले. गाडीबरोबर मिळणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही म्हणजे नाही. पुढच्या चाकांना विटा लावायच्या, आणि आदल्या रात्रीच बोल्टवर गंज सुटायचं तेल मारून ठेवायचं. खालचा बोल्ट तरीही सहजासहजी सुटला नाही. पान्याला लांब पाइप लावून, जोर हळूहळू वाढवत नेल्यावर 'कट्ट' असा आवाज करून सुटला. त्या आवाजातला आनंद काही वेगळाच आहे.

दोन बारकावे सांगतो, कारण घाईच्या कामात हेच राहून जातात. नवा शॉकअप बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण खेचायचा आणि दाबायचा. आडवा पडून राहिला असेल तर आत हवेचे बुडबुडे अडकलेले असतात, ते निघून जातात. दांड्याला पक्कड लावायची नाही, ओरखडा पडला की सील फाटलंच म्हणून समजा. दुसरं, जास्त महत्त्वाचं : शॉकअपच्या जोडात रबरी बुश असतं. चाक हवेत लोंबकळत असताना बोल्ट शेवटपर्यंत आवळला, तर गाडी खाली ठेवल्यावर ते बुश कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि लवकर फाटतं. आधी हातापुरतं आवळायचं, स्टँड तसेच ठेवून खालच्या जॅकने ॲक्सल इतका उचलायचा की गाडीचं वजन स्प्रिंगवर येईल, आणि मग मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क पान्याने शेवटचा आवळा. एका बाजूला तासभर लागला, दुसरीला त्याहून कमी.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये या दोन तासांत सहा जणांनी विचारलं, "काय हो, गाडी बंद पडली का?" सातव्याने गॅरेजवाल्याचा नंबर देऊ केला :) खंडेनवमीला पाना-स्क्रू ड्रायव्हरला झेंडू वाहायचा आणि उरलेलं वर्षभर त्यांना हात लावायचा नाही, असं काहीतरी आपलं झालंय. सुशिक्षित माणूस गाडीखाली दिसला म्हणजे एकतर पैशाची अडचण असणार किंवा डोक्याची. लेक मात्र अख्खा वेळ टॉर्च धरून बसली होती आणि दुसऱ्या बाजूचा वरचा जोड तिनेच सोडवला. आता निदान तिला शॉकअप कुठे असतो ते माहीत आहे.

पण पुढचे? तिथे मी दादाच्या बाजूला. पुढे स्ट्रट असतो, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकातच, आणि स्प्रिंग दाबून बसवलेली. वरचा मधला नट सोडला की ती स्प्रिंग मोकळी व्हायला बघते, आणि तिच्यात माणसाचा जबडा मोडण्याइतका जोर असतो. ती आवळून धरायला स्प्रिंग कॉम्प्रेसर लागतो, तोही चांगल्या प्रतीचा. व्हिडिओत तारेने बांधून नट सोडणारे महाभाग मी पाहिले आहेत. ते काटकसर करत नाहीत, जुगार खेळतात. शिवाय पुढचं काम झालं की चाकांचं अलाइनमेंट करावं लागतंच, ते काही पार्किंगमध्ये होत नाही. तेव्हा ओळखीच्या एका छोट्या गॅरेजला सरळ विचारलं, माल माझा, मजुरी तुमची, चालेल का? सगळेच हो म्हणत नाहीत, आणि त्यांचंही बरोबर आहे, मालावरच तर त्यांना चार पैसे सुटतात. हे म्हणाले. मजुरी १,५००, अलाइनमेंट ५००.

हिशोब लागला ९,६०० ला, म्हणजे ३,४०० वाचले. त्यातले अंगमेहनतीचे म्हणाल तर हजारच, मागच्या जोडीची मजुरी गॅरेज तेवढीच लावत होतं. बाकीचे वाचले ते स्वतः पेठेत जाऊन माल आणल्यामुळे. म्हणजे ज्यांना गाडीखाली जायचं नाही त्यांनाही बचतीचा मोठा भाग हात काळे न करता मिळू शकतो. हे व्हिडिओवाले सांगत नाहीत, कारण दुकानात उभं राहून बिल घेण्याचा व्हिडिओ कोण बघणार?

आई परवा वाईपर्यंत गेली आणि वाटेत झोपली. तिच्याकडून याहून मोठं प्रशस्तिपत्रक मिळणार नाही.

दादा, तुझ्या सँट्रोचं बोलू. बॉनेटचा कोपरा दाबून सोडायची जुनी परीक्षा सगळ्यांना ठाऊक असते, गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक, डुलत राहिली तर गेली. पण त्यातून पूर्ण मेलेलाच सापडतो, अर्धमेला त्यात पास होतो. त्यापेक्षा टायरच्या रबरावरून गोल हात फिरव. ठरावीक अंतराने उंचवटा-खळगा लागला तर शॉकअप किंवा बॅलन्सिंग, दोन्हींपैकी काहीतरी बिघडलंय. मग वाकून शॉकअपच्या नळकांड्याकडे बघ. नुसती धूळ चिकटलेली असेल तर काळजी नको, ओलसर तेलाचा ओघळ असेल तर मला फोन कर. जॅक-स्टँड अजून माझ्याकडेच आहेत, पुढच्या रविवारी परत द्यायचेत.