भक्तत्यागाचे पातक

मार्गशीर्ष पौर्णिमेस घरोघरी श्रीदत्तप्रभूंच्या तसबिरीला हार चढेल. त्या चित्रात प्रभूंच्या मागे गाय आणि चरणांशी चार श्वान असतात. गाय म्हणजे पृथ्वी आणि श्वान म्हणजे चार वेद, असा अर्थ आम्ही कीर्तनकार वर्षानुवर्षे सांगत आलो. अर्थ खोटा नाही; परंतु रूपक सांगता सांगता आम्ही प्रत्यक्ष श्वानालाच विसरलो, हे आज कबूल केले पाहिजे.

गतवर्षी जयंतीच्या सप्ताहात आमच्या गावच्या घाटावर एक सोनेरी, लांब केसांचा कुत्रा तीन दिवस बसून होता. गळ्यात पट्टा होता, धनी नव्हता. मोटार थांबली की तो उठे, आत डोकावे आणि पुन्हा जागेवर येऊन बसे. 'देवाच्या दारी प्रसादावर जगेल', असे म्हणून कोणी त्याला सोडून गेले होते. त्या सायंकाळी आमचे आख्यान धर्मराजाच्या स्वर्गारोहणाचे होते. आणि आम्ही त्याच कुत्र्याला वळसा घालून कीर्तनास उभे राहिलो!

महाभारताच्या आरंभी जनमेजयाचे बंधू सरमेच्या निरपराध पुत्राला मारतात आणि ती देवशुनी राजाला शाप देते. महाप्रस्थानिकपर्वात इंद्र रथ घेऊन येतो, तेव्हा युधिष्ठिर म्हणतो की, भक्ताचा त्याग हे ब्रह्महत्येसारखे पातक आहे. या श्वानावाचून मला स्वर्ग नको. तो श्वान साक्षात् धर्म निघतो. महर्षी व्यासांनी याहून अधिक काय सांगावे?

घाटावरचा तो जीव गोल्डन रिट्रीव्हर जातीचा होता. ही जात एकोणिसाव्या शतकात, थंड स्कॉटलंडात, शिकारीचे पक्षी पाण्यातून उचलून आणण्यासाठी तयार झाली. तिच्या अंगी केसांचा दुहेरी थर असतो. आपला वैशाख तिला सोसत नाही. माणसाच्या सहवासासाठीच घडलेला हा प्राणी उकिरड्यावर भांडून पोट भरू शकत नाही. वाढदिवसाची भेट म्हणून पिलू घरी येते. वर्षभरात ते तीस किलोंचे होते, केस गळतात, औषधांचा खर्च वाढतो, बदली होते आणि मग तीर्थक्षेत्र आठवते.

चौथ्या दिवशी शहरातून काही तरुण स्वयंसेवक त्याला नेण्यास आले. ही मंडळी वेतन घेत नाहीत. अशा कुत्र्याला पशुवैद्याकडे नेतात, लस टोचतात, निर्बीजीकरण करवितात आणि कायमचे घर मिळेपर्यंत कोणाच्या तरी घरी सांभाळतात. नवे घर स्वतः पाहतात. घरातील सर्वांची संमती आहे काय, दिवसा घरी कोण असते, पूर्वी पाळलेल्या कुत्र्याचे काय झाले, हे सारे विचारतात. कन्येसाठी स्थळ पाहताना तरी आपण एवढी चौकशी करतो काय?

काही म्हणतील, सोवळ्याच्या घरात कुत्रा कसा? देवघरात त्याला नेऊ नये, हे मान्य. परंतु ज्या शास्त्राने सोवळे सांगितले, त्यानेच वैश्वदेवाच्या वेळी श्वानाचाही भाग काढावयास सांगितले आहे. दूर ठेवणे निराळे, टाकून देणे निराळे. कायद्याचे म्हणाल तर १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमाने जनावर उपाशीतापाशी सोडून देणे हा गुन्हा ठरविला आहे. पण पहिल्या अपराधास दंड अवघा १० ते ५० रुपये. ज्याला एवढाच धाक आहे, त्याला धर्माचाच धाक हवा.

म्हणून या पर्वकाळी आमची प्रार्थना इतकीच. झेपत नसेल तर कुत्रा पाळू नये. पाळावयाचाच असेल तर विकत घेण्याआधी एखाद्या निराश्रिताला घरी आणता येईल काय, हे पाहावे. आणि ज्याला एकदा दारी आणले, त्याला शेवटपर्यंत सांभाळावे. अगदीच निरुपाय झाला तर अशा स्वयंसेवकांच्या हाती द्यावे, रस्त्यावर सोडू नये. तीर्थात पाप सोडावे. आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्याला सोडू नये.

श्रीगुरुदेव दत्त!