अंडी मोजताना खाद्यही मोजावे

परसातील कळपात एखादी देशी कोंबडी ठेंगणी निघाली, की तिला अशक्त समजून प्रथम विक्रीस काढले जाते. वर्षभरातील अंड्यांची संख्या एवढाच निकष लावला, तर ती थोडी मागे पडूही शकते. तथापि हा निकष अपुरा आहे; त्यात उत्पन्न मोजले जाते, खर्च नाही.

कोंबडीने खाल्लेल्या दाण्याचा मोठा वाटा स्वतःच्या शरीराच्या निर्वाहावर खर्च होतो. शरीर लहान, तर हा खर्चही कमी. समजा, नेहमीच्या आकाराची कोंबडी दररोज ९० ग्रॅम खाद्य खाऊन वर्षाला १२० अंडी देते आणि ठेंगणी ६५ ग्रॅम खाऊन १०८. पहिलीच्या प्रत्येक अंड्यामागे सुमारे २७४ ग्रॅम खाद्य लागते, दुसरीच्या २२० ग्रॅम. अंड्यांचे वजन अनुक्रमे ४२ व ३८ ग्रॅम धरले, तरी ठेंगणीच सरस ठरते. मात्र जेथे कोंबड्या मोकळ्या चरतात आणि विकतचे खाद्य नाममात्र असते, तेथे हा लाभ बराच घटतो. तेथे संख्येलाच महत्त्व राहते. आखूड पायांची निकोबारी कोंबडी तर देशी जातींत अधिक अंडी देणारी म्हणूनच ओळखली जाते. लहान बांधा म्हणजे कमी अंडी, हे समीकरण सरसकट खरे नाही.

पैदाशीत मात्र सावधगिरी हवी, कारण सर्व ठेंगणेपण एकाच जातीचे नसते. लिंगसंलग्न अप्रभावी जनुकामुळे खुजा झालेला कोंबडा नेहमीच्या कोंबडीशी जुळवल्यास सर्व माद्या खुज्या आणि सर्व नर नेहमीच्या आकाराचे निपजतात. अंड्यांसाठी कमी खाणारी मादी आणि मांसासाठी भरदार नर, असा दुहेरी लाभ त्यातून साधतो. याउलट ‘क्रीपर’ जनुकामुळे पाय आखूड झालेले नर-मादी एकत्र आणले, तर सरासरी एक चतुर्थांश भ्रूण कवचातच मरतात, आणि दोष मात्र खुडूक कोंबडीला दिला जातो.

म्हणून विस्तार कार्यकर्त्यांनी पशुपालकांच्या नोंदवहीत अंड्यांच्या रकान्याशेजारी आणखी तीन रकाने आखून द्यावेत: दिलेले खाद्य, अंड्याचे वजन आणि उबवणीतून निघालेली पिल्ले. एक वर्षाची अशी नोंद हाती आल्यावरच कोणती कोंबडी ठेवावी आणि कोणती विकावी, हे ठरवणे न्याय्य होईल.