अपूचा आवाज

'द सिम्पसन्स' या अमेरिकी कार्टून मालिकेतील अपू या पात्रावरून जो वाद झाला, तो बहुतेकांनी एका सोयीस्कर प्रश्नापाशी आणून ठेवला : भारतीय पात्राला गोऱ्या नटाने आवाज द्यावा की नाही? माझ्या मते हा प्रश्न अपुरा आहे. आणि तो अपुरा असल्यामुळेच त्याला मिळालेले उत्तरही विचित्र आहे.

मालिका न पाहिलेल्यांसाठी थोडे सांगणे भाग आहे. अपू १९९० मध्ये मालिकेत आला. तो क्विक-ई-मार्ट नावाचे दुकान चालवतो, शिळा माल खपवतो आणि गिऱ्हाइकाचे आभार मानून त्याला पुन्हा येण्याचे अगत्याचे आमंत्रण देतो. त्याचे नाव सत्यजित राय यांच्या चित्रत्रयीतील अपूवरून ठेवलेले. आडनाव मात्र नहासपीमापेटिलॉन, जे भारताच्या कोणत्याही प्रांतातले वाटू नये. आवाज हँक अझारिया या अमेरिकी नटाचा. तो घडवताना त्याच्यासमोर 'द पार्टी' (१९६८) या चित्रपटात तोंडाला तपकिरी रंग लावून भारतीय झालेला पीटर सेलर्स होता. म्हणजे ही नकलेची नक्कल. या साखळीत मूळ माणूस कुठेच नाही. (त्याच १९६८ साली आपल्याकडे 'पडोसन'मध्ये मेहमूदने दाक्षिणात्य संगीतशिक्षकाचा असाच हेल काढून प्रेक्षकांना पोट धरून हसवले होते, हे आपण सहसा आठवत नाही. परंतु तमिळ माणसापाशी स्वतःची चित्रसृष्टी होती, स्वतःचे नायक होते. १९९० च्या अमेरिकी दूरचित्रवाणीवर भारतीयांपाशी अपूखेरीज फारसे काही नव्हते.)

अपूचा हेल पहिल्या पिढीचा. त्याचा मार मात्र बसला दुसऱ्या पिढीला. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेची दारे उघडल्यावर जे डॉक्टर, अभियंते तिकडे गेले, त्यांची मुले अमेरिकी उच्चारातच बोलत वाढली. शाळेच्या मैदानावर त्यांना ऐकावा लागला तो अपूचा हेल. विनोदकार हरी कोंडाबोलू यांनी 'द प्रॉब्लेम विथ अपू' (२०१७) या माहितीपटात ही व्यथा मांडली. भारतीय वंशाचे अनेक नट त्यात आपापल्या आठवणी सांगतात. जी भाषा आपण बोलतच नाही, तिच्या नावाने आपल्याला ओळखले जावे, हा अनुभव वसाहतोत्तर साहित्याच्या अभ्यासकाला नवा वाटणार नाही.

तरीही संहितेकडे पाहिले तर अपू निव्वळ साचा नाही. तो संगणकशास्त्रातला डॉक्टरेट आहे. शिक्षणाचे कर्ज फेडण्यासाठी तो दुकानात उभा राहिला आणि तिथेच राहून गेला. १९९६ चा एक भाग तर स्थलांतरितविरोधी राजकारणावरच बेतलेला आहे. हद्दपारीच्या भीतीने अपू खोटी कागदपत्रे मिळवतो, अमेरिकी उच्चार आणि अमेरिकी टोपी धारण करतो, मग आपण आई-वडिलांना अव्हेरले या जाणिवेने तो बुरखा फेकून देतो. नागरिकत्वाच्या परीक्षेत यादवी युद्धाचे कारण विचारल्यावर तो इतिहासाची गुंतागुंत उलगडू लागतो, तेव्हा परीक्षक त्याला थांबवून 'गुलामगिरी' एवढेच म्हणायला सांगतो. बाहेरून आलेल्याने देश अधिक जाणावा आणि ते जाणणे अनावश्यक ठरावे, यावर इतके नेमके भाष्य मी फार थोड्या 'गंभीर' कादंबऱ्यांत वाचले आहे. पण हे सगळे त्याच हेलात बोलले जाते. लेखक पात्राला जे देतो, ते नट कंठातून काढून घेतो. हा पेच मला या वादात सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचीच चर्चा सर्वांत कमी झाली.

मालिकेने एप्रिल २०१८ च्या एका भागात या टीकेला उत्तर दिले ते खांदे उडवून : पूर्वी जे चालत होते ते आता चालत नाही, त्याला आम्ही काय करणार? तेही लिसाच्या, म्हणजे मालिकेतल्या सर्वांत विवेकी पात्राच्या तोंडून. याला मी अप्रामाणिकपणाच म्हणेन. अझारिया त्या मानाने अधिक सरळ निघाला. जानेवारी २०२० मध्ये त्याने हा आवाज सोडला आणि २०२१ मध्ये जाहीर क्षमाही मागितली. अपूला काढून टाका, अशी कोंडाबोलू यांची मागणी नव्हती. त्याला अधिक चांगले लिहिण्याच्या वाटा आहेत, असे ते सांगत राहिले.

जून २०२० मध्ये मालिकेने ठरवले की यापुढे गोरे नट इतर वर्णांच्या पात्रांना आवाज देणार नाहीत. त्यानुसार कार्लला ॲलेक्स डेझर्टचा आवाज मिळाला, डॉ. हिबर्टला २०२१ मध्ये केव्हिन मायकल रिचर्डसनचा. दोन्ही कृष्णवर्णीय पात्रे बोलत राहिली. अपूसाठी मात्र त्या फेरबदलात कोणीच शोधले गेले नाही. त्यानंतरच्या भागांत तो गर्दीत, कडेला, मधूनच दिसतो. हसतो, हात हलवतो. गायत्री स्पिवाक यांचा प्रसिद्ध प्रश्न, वंचिताला बोलता येते का, हा आपण वर्गात वर्षानुवर्षे शिकवतो. इथे तीस वर्षे दुसऱ्याच्या आवाजात बोललेल्या माणसाचा आवाज काढून घेतला गेला, आणि त्याला सुधारणा म्हटले गेले.