टायरांचे पाठभेद

विश्रांतवाडीत आळंदी रस्त्यावरच्या एका टायरवाल्याकडे परवा चक्क पोर्शे गाडी आली होती. मागचा एक टायर बदलायचा होता. "माप तेच, कंपनी तीच, मग हा का चालू नये?" मालकांचा सवाल.

मराठीच्या मास्तराला टायरातले काय कळणार, म्हणाल! पण अक्षर दिसले की वाचायचे, ही आमची खोड. जुन्या टायराच्या कडेवर 'एन 0' होते, नव्याच्या 'एन 1'. 'एन' म्हणजे पोर्शेने स्वतः पारखून मान्य केलेला टायर. पुढचा आकडा त्याची आवृत्ती. मर्सिडीजची खूण 'एमओ', बीएमडब्ल्यूची चांदणी.

ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत पाठभेद शिरले, म्हणून नाथांनी 1584 साली शुद्ध प्रत सिद्ध केली. इथेही नाव एक, पण आतली बांधणी नि रबर निराळे असू शकते. म्हणून आकड्यांची सरमिसळ करू नका, असे पोर्शे बजावते. पोथीत पाठ चुकला तर अर्थ बिघडतो. ओल्या वळणावर गाडीचा तोल जाऊ शकतो, आणि आत माणसे असतात.

आपल्या साध्या गाडीच्या टायरावरही जन्मतारीख असते, बरे का! '2324' म्हणजे 2024 सालचा 23वा आठवडा. पैसे मोजण्यापूर्वी तेवढे वाचून घ्या.