सहल संपली, शाळा सुरू झाली. वाचलेल्या मुलांचे काय?

सहलींचा हंगाम आला की वडोदऱ्याची आठवण येतेच. १८ जानेवारी २०२४ रोजी तिथल्या हरणी तलावात शाळेची मुले घेऊन निघालेली बोट उलटली. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिकांचा मृत्यू झाला. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त जण बसवले होते, लाइफ जॅकेट सगळ्यांना दिलेले नव्हते. मरण पावलेल्यांत मुस्लिम घरांतली मुले होती, तशी हिंदू घरांतलीही होती. राज्य सरकारने प्रत्येकी ४ लाख आणि पंतप्रधान निधीतून २ लाख रुपये जाहीर झाले, ठेकेदारावर गुन्हा नोंदला गेला, गुजरात हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली.

एवढ्याच्या बातम्या झाल्या. जी मुले त्या पाण्यातून जिवंत बाहेर आली, ती पुढे शाळेत कशी बसली असतील, शेजारची जागा रिकामी असताना पाढे कसे म्हटले असतील, याची बातमी होत नाही. आपल्याकडे वाचलेल्या मुलाला 'नशीबवान' म्हणतात, शुक्राने अदा करतात आणि विषय संपवतात. त्या मुलाच्या मनात मात्र भलताच हिशेब चालू असतो: जॅकेट मला मिळाले, त्याला का नाही? मी त्याचा हात का सोडला? ताप आला म्हणून सहलीला न गेलेल्या मुलालाही हा हिशेब सुटत नाही.

हे वडोदऱ्यापुरते नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका कॉलेजचे १४ विद्यार्थी बुडाले, तेव्हा महाराष्ट्रातल्या किती मुस्लिम घरांत त्या रात्री चूल पेटली नव्हती. अशा वेळी आपला मोहल्ला धावून जातो, हे मान्यच केले पाहिजे. कफन-दफनापासून जेवणाच्या डब्यांपर्यंत कुणाला काही सांगावे लागत नाही. हजरत जाफर (रजि.) मूताच्या लढाईत शहीद झाले तेव्हा प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी त्यांच्या घरच्यांसाठी जेवण तयार करायला सांगितले होते. ती सुन्नत आपण पाळतो. पण त्या प्रसंगाचा पुढचा भाग आपल्या बयानांत क्वचित ऐकू येतो. तीन दिवसांनी प्रेषित (सल्ल.) त्या घरी गेले, जाफर (रजि.) यांची लहान मुले जवळ बोलावली आणि आता यांचा वाली मी आहे, असे त्यांच्या आईला सांगितले. आपण डबे पोहोचवतो. तीन दिवसांनंतर मुलांकडे जायचे राहून जाते.

त्यात 'सब्र करो' हे वाक्य. आई रडली की सब्र, मुलाने प्रश्न विचारला की सब्र, बापाने ठेकेदाराविरुद्ध अर्ज करतो म्हटले तरी सब्र! हजरत याकूब (अलै.) मुलाच्या विरहात डोळे जाईपर्यंत रडले, आणि तरीही सुंदर सब्राचा दाखला म्हणून कुरआन त्यांचेच उदाहरण देते. स्वतः प्रेषित (सल्ल.) मुलगा इब्राहिम गेला तेव्हा रडले, सोबत्यांना नवल वाटले तर ही रहमत आहे असे सांगितले. मग दहा वर्षांच्या पोराला 'मर्द रडत नाहीत' हे आपण कुठून शिकवतो?

शब्दांचेही भान हवे. 'चांगला होता म्हणून अल्लाहने बोलावले' हे मोठ्यांना दिलासा देते. सात वर्षांचे मूल त्यातून एवढेच काढते की चांगले वागले तर आपल्यालाही नेतील. 'झोपला आहे' असे सांगितले की ते झोपायला घाबरते. साधे, खरे सांगावे: तो वारला, परत येणार नाही, यात तुझी काही चूक नाही, आपण त्याच्यासाठी दुआ करू. मुले पुन्हा पुन्हा तेच विचारतील. पुन्हा पुन्हा तेच उत्तर द्यावे. आणि बुडतानाचे व्हिडिओ मोबाइलवर फिरवणे तर आधी थांबवावे. ते त्या मुलांपर्यंत पोहोचतातच.

शाळेत पहिल्या दिवशी हजेरीतले नाव गुपचूप गाळून किंवा बाक हलवून काही साधत नाही. मुलांना सगळे दिसते. वर्गात त्या मित्राचे नाव घेऊ द्यावे, चित्र काढू द्यावे, रडू द्यावे, मग हळूहळू रोजचे वेळापत्रक सुरू करावे. घंटा, डबा, खेळाचा तास यांनी मुले सावरतात, हे अनुभवी शिक्षक जाणतात. पण शिक्षकांना कोण विचारते? सहलीतून परतलेल्या शिक्षिकेवर तर गावभर बोट रोखलेले असते. चौकशी व्हावी, दोष असेल तर शिक्षाही व्हावी. ते ठरवणे कोर्टाचे काम आहे, शाळेच्या फाटकावरच्या जमावाचे नाही.

अंथरुण ओले होणे, सकाळी पोट दुखणे, आंघोळीच्या पाण्याला घाबरणे, बुडण्याचाच खेळ खेळत राहणे, असे सुरुवातीला घडू शकते. रागावू नये. महिनाभरानेही कमी झाले नाही तर डॉक्टरांकडे न्यावे. आपल्यातले बरेच पालक इथे नजर लागली, आसेब झाला म्हणून आमिलकडे धावतात. दुआ जरूर पढावी, पण उपचार टाळू नयेत. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येते. हा नंबर मदरशांच्या आणि उर्दू शाळांच्या फळ्यावर आजच का लिहू नये?

दुखवट्याची सभाही एकत्र व्हावी. ज्या बोटीत दोन्ही धर्मांची मुले होती, त्या शाळेत दोन वेगळ्या शोकसभा कशाला?

आणि न्यायाचा प्रश्न उरतोच. तामिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेला लागलेल्या आगीत ९४ मुले गेली. खटल्याचा निकाल लागला जुलै २०१४ मध्ये. दहा वर्षे त्या आई-बाबांनी तारखा मोजल्या. अशा तारखांना त्यांच्यासोबत कोर्टात जाणारे चार लोक जमातीत ठरलेले असावेत, वकिलाचा खर्च बैतुलमालमधून निघावा. यंदा सहलीच्या परवानगीपत्रावर सही करण्याआधी मुख्याध्यापकांना विचारा: बोट आहे का, जॅकेट प्रत्येकाला आहे का, किती मुलांमागे एक शिक्षक? उत्तर लेखी मागा.